दोनशे पावलं

बडोद्याची गाडी रात्री पावणेबाराला.
लेकीच्या बाळंतपणाला निघालेय,
हातात डिंकाच्या लाडवांचा डबा
आणि मधे ही अख्खी दुपार, कोणाचीच नसलेली.
टॅक्सीवाल्याला म्हटलं, दारूखान्यात सोडा.
त्यानं आरशातून पाहिलं.
तिथं काय घ्यायचंय मावशी, भंगार?

एका माणसाला मारलं होतं तिथं.
कधी?
मी चार वर्षांची होते.
मग तो बोलला नाही. मीटर तेवढं बोलत राहिलं.

गोदीकामगारांचे पुढारी, वासुदेव तिरोडकर.
आमच्या घरात हे नाव
देवाच्या फळीवरचं नव्हे, पण तिच्या जरा खालचं.
सभा आटपली की युनियनच्या हापिसापासून त्यांच्या खोलीपर्यंत
बाबा मागून चालायचे,
हातात सळई, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
त्या रात्री भाई म्हणाले, गणू, काडेपेटी आण.
एवढंच.
काडेपेटी घेऊन माणूस परतला
तेव्हा भाई वखारीच्या दाराशी बसले होते,
म्हणजे बसल्यासारखे.

"दुकान लांब होता गो,"
बाबा भात कालवता कालवता सांगायचे,
कोणी विचारलेलं नसताना.
"दोनशे पावला. जास्तच."
आणि मग घास तसाच बोटांत.
गावी आल्यावर त्यांनी विडी सोडली.
चूल पेटवायची झाली तरी काडी आईच ओढायची.

दारूखान्यात दारू नाही. जहाजं आहेत,
सुटी सुटी: नांगराची साखळी, गोल खिडक्यांचा ढीग,
कुणा कप्तानाची फिरती खुर्ची, तिच्यावर झोपलेलं कुत्रं.
चौघांना विचारलं.
एकानं एटीएम दाखवलं, एकानं सरळ पोलीस चौकी.
एक पोरगा म्हणाला, मर्डर? कुठला, परवाचा?

शेवटी इस्माईल चौगुले भेटले,
किल्ली घासत होते, मान वर न करता म्हणाले,
"तिरोडकर ना? हा काय."
चहावालीच्या स्टोव्हखालचा दगड.
त्यांनी तिला स्टोव्ह उचलायला लावला.
दर निवडणुकीला रंग मिळतो त्याला,
ज्या पक्षाचा डबा उरला असेल त्याचा.
आताचा थर कोणता, काजळीतून कळेना.
मी बोटानं वाचलं:
हुता. मग खड्डा. मग वासु.
साल चहानं खाल्लेलं.

हात जोडले नाहीत. हातात डबा होता.
विचारलं, आणि विडीकाडीचं दुकान, तेव्हाचं?
"हमीदचं? तो कोपरा.
आता नातू मोबाईलची कव्हरं विकतो. जागा तीच. फळीपण तीच."

चालले.
चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं,
मोजण्यात सहसा चुकत नाही.
एकतीस.
परत आले, पुन्हा एकतीस.
बाबा माझ्याहून उंच. म्हणजे त्यांची पंचवीस.

पंचवीस पावलांवर हाक ऐकू येते.
पत्र्यावरून मांजर गेलं तरी ऐकू येतं.
सुट्टे पैसे मोजून घेताना
माणूस मान वळवू शकतो.

रस्ता तेव्हा वेगळा असेल.
वखार मागे असेल, गल्ली वळून येत असेल.
नळाची लाइन टाकताना दगड दोनदा हलवला,
हे चौगुलेच म्हणाले.
कोणत्या बाजूला, ते त्यांना आठवेना,
आणि मी फार खोदून विचारलं नाही.

"कोण तुमचे ते?"
वडलांच्या ओळखीचे.
"वडील काय करायचे?"
मी डबा उघडून त्यांना लाडू दिला.

स्टोव्ह पुन्हा दगडावर बसला.
नातवाकडे काडेपेटी नव्हती, लायटर होता,
त्यानंच पेटवला.
चहा आल्याचा होता, चांगला होता,
मी उभ्यानंच प्यायले.

रात्री, बोरिवली मागे पडल्यावर,
समोरच्या बर्थवरच्या बाईंनी विचारलं,
मुंबईत काय काय पाहिलंत?
हाजीअली, मी म्हटलं.
लांबूनच.